कळ दाबल्याशिवाय कन्सोल पुढे का सरकत नाही? व्हर्च्युअल मशीनमधल्या इंटरप्टबद्दल

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भलत्याच प्रश्नाचं व्हायला नको. केव्हीएम, म्हणजे लिनक्स कर्नलमधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय, वापरून तुम्ही सी भाषेत स्वतःचं छोटं व्हर्च्युअल मशीन लिहिताय. शिकायचं म्हणून केव्हीएमचा तयार इंटरप्ट कंट्रोलर न घेता ८२५९ची, म्हणजे जुन्या पीसीतल्या इंटरप्ट कंट्रोलर चिपची, जोडी स्वतः लिहिलीय. (इंटरप्ट म्हणजे हातातलं काम थांबवून सीपीयूचं लक्ष डिव्हाइसकडे वळवणं.) एक १६५५० सिरीयल पोर्ट आहे आणि पीसीआय बसवर बसवलेली एक व्हर्टआयओ (व्हर्च्युअल मशीनसाठीच ठरवलेल्या पद्धतीची) डिस्क, जिचं काम वेगळ्या थ्रेडमध्ये चालतं. लिनक्स बूट होतो, कर्नलचे सगळे मेसेज दिसतात, पण लॉगिन प्रॉम्प्टपाशी गाडी अडते. एखादी कळ दाबली की थोडा मजकूर पुढे सरकतो आणि पुन्हा अडतो. शिवाय दहा-बारा वेळांत एकदा डिस्क कायमची गोठते, आणि शोधायला म्हणून प्रिंट घातलं की गोठायची बंद होते. तुम्ही विचारलंय, इंटरप्ट देण्याचा कॉल नेमका कुठे टाकायचा, आणि वीस मिलिसेकंदांचा स्लीप घालून चालत असेल तर तो तसाच ठेवावा का.

स्लीपचं उत्तर एका शब्दात: नको. थांबल्याने चूक जात नाही, दोन थ्रेडची गाठ पडायची वेळ तेवढी बदलते. उद्या दुसऱ्या मशीनवर, जास्त लोडमध्ये, तीच चूक परत दारात उभी राहील.

‘कॉल कुठे टाकायचा’ या प्रश्नात मात्र मला खरं दुखणं दिसतं. इंटरप्ट ही डिव्हाइसने सीपीयूला पाठवायची वस्तू आहे, असं तो प्रश्न धरून चालतो. मीही बरीच वर्षं तसंच धरलं होतं. प्रत्यक्षात डिव्हाइसकडे असते एक तार. ती वर आहे किंवा खाली आहे, एवढंच. आपल्या स्थितीप्रमाणे ती वर किंवा खाली ठेवायची, इथे डिव्हाइसचं काम संपलं. त्या तारेकडे बघून काय करायचं हे इंटरप्ट कंट्रोलर ठरवतो. कंट्रोलरने मागितलेलं कधी ऐकायचं हे सीपीयू ठरवतो. तिघांचे तीन निर्णय. तुम्ही दिलेल्या कोडमध्ये हे तिन्ही निर्णय सिरीयल पोर्टच्या एका फंक्शनने उरकलेत: बाइट आला, व्हेक्टर (कोणता इंटरप्ट ते सांगणारा आकडा) काढला, थेट व्हीसीपीयूच्या, म्हणजे व्हर्च्युअल सीपीयूच्या, गळ्यात घातला.

मी सांगलीत राहतो, त्यामुळे उदाहरण नदीचंच सुचतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. पावसाळ्यात गावभागातला माणूस सकाळी उठला की आधी विचारतो, ‘पाणी किती?’ रात्री भोंगा वाजला का, असं तो विचारत नाही. समजा पाण्याने ४५ ओलांडताना एकदाच भोंगा वाजवला आणि नेमका तेव्हा तो गाढ झोपेत असला, तर भोंगा गेला तो गेला. पातळी मात्र कुठे जात नाही. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं आणि बरेच दिवस ते धोक्याच्या वरच राहिलं. त्या दिवसांत कधीही बघितलं असतं तरी उत्तर एकच होतं. पातळी म्हणजे लेव्हल, भोंगा म्हणजे एज. तुमचं डिव्हाइस भोंगा वाजवतंय, आणि गेस्ट, म्हणजे मशीनच्या आत चालणारी सिस्टिम, नेमका इंटरप्ट बंद करून बसलेला असला की तो वाया जातोय.

उदाहरण एका जागी लंगडं पडतं, तेही सांगतो. ८२५९ एज पद्धतीत चालत असला तरी तो भोंगा आयआरआर नावाच्या रजिस्टरमध्ये टिपून ठेवतो. पण प्रत्येक लाइनला जागा एकाच बिटाची. दोनदा वाजला तरी नोंद एकच. ही गोष्ट लक्षात असू द्या, टायमरच्या वेळी लागेल.

आता तुमचा कन्सोल. कर्नलचे मेसेज दिसतात आणि लॉगिन प्रॉम्प्ट दिसत नाही, हे वाचलं तेव्हाच निम्मं निदान झालं होतं. कर्नल आपले मेसेज इंटरप्टविना छापतो: स्टेटस रजिस्टर वाचत राहतो, पोर्ट मोकळा दिसला की पुढचं अक्षर टाकतो. प्रॉम्प्ट छापणारा प्रोग्रॅम मात्र टीटीवाय, म्हणजे कर्नलच्या टर्मिनल थरामार्फत येतो आणि तिथे ड्रायव्हर इंटरप्टच्या भरवशावर असतो. ड्रायव्हर मजकूर बफरमध्ये ठेवतो, इंटरप्ट एनेबल रजिस्टरमधला ‘पाठवायची जागा रिकामी झाली की कळव’ हा बिट चालू करतो आणि निघून जातो. या क्षणी जागा आधीपासूनच रिकामी असते. खरी १६५५० चिप काय करते? बिट चालू होताच, जागा रिकामी आहे हे बघून, ताबडतोब इंटरप्ट मागते. तुमचा कोड रिकाम्या जागेचा इंटरप्ट देतो फक्त अक्षर लिहिलं गेल्यावर. म्हणजे एकदा गाडी चालू झाली की चालत राहील, पण पहिला धक्का द्यायला कुणी नाही. कळ दाबल्यावर तो धक्का तुम्ही स्वतः देता: अक्षर आल्याचा इंटरप्ट जातो, हँडलर आत शिरल्यावर स्टेटसही बघतो, पाठवायची जागा रिकामी दिसते, आणि तो हातासरशी अडलेला मजकूर बाहेर काढतो. मजकूर संपला की ड्रायव्हर तो बिट बंद करतो आणि पुढच्या मजकुराला पुन्हा धक्का लागतो.

गंमत म्हणजे काही चिपांमध्ये हाच दोष असल्यामुळे लिनक्सचा ड्रायव्हर पोर्ट उघडताना याची चाचणी घेतो. तो बिट चालू-बंद करून आयआयआर, म्हणजे इंटरप्टचं कारण सांगणारं रजिस्टर, वाचतो आणि दोष सापडला तर टायमर लावून काम भागवतो. तुमचं आयआयआर बरोबर उत्तर देतं, फक्त तार हलत नाही. म्हणून चाचणीत पास आणि प्रत्यक्षात नापास.

उपाय म्हणून या एका जागी आणखी एक कॉल चिकटवू नका. तसं केलंत तर पुढच्या आठवड्यात मोडेम स्टेटससाठी एक, मग लाइन एररसाठी एक, असे कॉल चिकटवत बसाल. प्रत्येक डिव्हाइसमध्ये एकच फंक्शन ठेवा, त्याला ‘लाइन ठरव’ म्हणूया. ते सध्याची रजिस्टरं बघतं, प्रलंबित कारणं आणि एनेबल बिट यांचा अँड काढतं, आणि उत्तर शून्य असेल तर लाइन खाली, नाहीतर वर. पीसीवर मोडेम कंट्रोल रजिस्टरमधला आउट-२ बिटही वाटेत फाटकासारखा असतो, तोही याच हिशोबात घ्या. गेस्टने काही लिहिलं, काही वाचलं, होस्टकडून, म्हणजे बाहेरच्या खऱ्या मशीनकडून, काही आलं, की शेवटी हे फंक्शन बोलवायचं. दुसऱ्या कुठल्याही ओळीने लाइनला हात लावायचा नाही. मग ‘कुठे टाकायचा’ हा प्रश्नच उरत नाही, कारण उत्तर ‘सगळीकडे’ असं होतं आणि जास्त वेळा बोलवल्याने काही बिघडतही नाही.

वाचण्याचेही परिणाम असतात, तिथे जपा. आयआयआर वाचलं की ‘जागा रिकामी’ हे कारण मिटतं, पण त्या वाचनात तेच कारण सांगितलं गेलं असेल तरच. क्रम असा: आधी लाइन एरर, मग आलेला डेटा, मग रिकामी जागा, शेवटी मोडेम स्टेटस. डेटा आलेला असताना आयआयआर वाचलं तर उत्तर डेटाचं मिळतं आणि रिकाम्या जागेचं कारण तसंच शिल्लक राहतं. ते सरसकट पुसून टाकणारा कोड मी तीन वेगवेगळ्या ठिकाणी पाहिलाय. त्यातला एक माझाच होता.

माझाच म्हटलं, तर ही दुसरी गोष्टही सांगून टाकतो. मी सुरुवातीची काही वर्षं कुपवाड एमआयडीसीत कंट्रोल पॅनेलं जोडायचो, व्हर्च्युअल मशीनच्या कामात नंतर आलो. एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं जुनं विंडोज सॉफ्टवेअर होतं आणि ते चालवणारा पीसी मरायला टेकला होता. आम्ही तो अख्खा पीसी व्हर्च्युअल मशीनमध्ये हलवला. काट्याचा इंडिकेटर वजन सिरीयलवरून पाठवायचा, म्हणून गेस्टमध्ये पीसीआय सिरीयल कार्ड दाखवलं. त्याचं इम्युलेशन मी लिहिलेलं. ऑफिसात लिनक्स गेस्टवर दोन आठवडे चालवून बघितलं, एकही तक्रार नाही. गळीत हंगामात काट्यावर बसवलं आणि पहिल्याच संध्याकाळी फोन: वजन मधेच थिजतंय. कधी? पावतीची फाइल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जाताना. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग फाट्यापर्यंत, आणि ड्रायव्हर लोक माझ्या नावाने काय बोलत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कारण असं निघालं. सिरीयल कार्ड आणि नेटवर्क कार्ड दोघेही आयआरक्यू ११ वर, म्हणजे ११ नंबरच्या इंटरप्ट लाइनवर, होते. पीसीआयच्या जुन्या इंटरप्ट लाइनी लेव्हल पद्धतीच्या आणि वाटून घ्यायच्याच असतात, त्यात गैर काही नाही. पण माझ्या कोडमध्ये आयआरक्यू ११ साठी एकच बिट होता. नेटवर्क कार्डने आपलं काम झाल्यावर लाइन खाली केली की ती सगळ्यांसाठी खाली जायची, सिरीयल कार्ड अजून हात वर करून उभं असलं तरी. सिरीयल कार्डाच्या मते त्याने हात कधीचा वर केलेला, त्यामुळे ते पुन्हा करणार नाही. आणि कंट्रोलरच्या मते लाइन खाली. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि काटा थिजलेला.

पॅनेल जोडणाऱ्या माणसाने ही चूक करावी याची मला आजही लाज वाटते. तीन लिमिट स्विच समांतर जोडून एक दिवा लावला, तर एक स्विच सुटल्यावर दिवा विझत नाही, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. कोडमध्येही तेच हवं: लाइनवरच्या प्रत्येक डिव्हाइसचा स्वतःचा बिट, आणि लाइन म्हणजे त्या सगळ्यांचा ऑर.

लिनक्सवर हे का दिसलं नाही, हा भाग तुमच्या जास्त कामाचा. वाटून घेतलेल्या लाइनवर इंटरप्ट आला की लिनक्स त्या लाइनवरचे सगळे हँडलर एकामागून एक बोलवतो, त्यामुळे सिरीयलचं काम बहुतेक वेळा त्याच फेरीत उरकून जायचं. विंडोज लेव्हल लाइनवर साखळीतल्या पहिल्या ‘हो, हे माझं’ म्हणणाऱ्या हँडलरपाशी थांबतं. दुसऱ्या कुणाचं काम बाकी असेल तर लाइन वरच राहील आणि इंटरप्ट पुन्हा येईल, या भरवशावर. तो भरवसा खऱ्या हार्डवेअरवर रास्त आहे. मोडला होता मी. म्हणून लिनक्स गेस्ट चालला म्हणजे इम्युलेशन बरोबर, असं समजू नका. लिनक्सचे ड्रायव्हर वर्षानुवर्षं सदोष हार्डवेअर सोसून फार समजूतदार झालेत, तुमच्या चुकाही ते पोटात घालतात.

आता कंट्रोलर. तुमच्या ८२५९मध्ये दोन गोष्टी खटकल्या. एक, तुम्ही सगळ्या लाइनी एज धरल्यात. १९८१च्या मूळ पीसीत एकच ८२५९ आणि सगळं एज, ते तिथे ठीक होतं. पीसीआय आल्यावर कोणती लाइन एज आणि कोणती लेव्हल हे सांगणारं ईएलसीआर हे वेगळं रजिस्टर लागतं. कॉमचा ४ नंबर एजच राहू द्या, डिस्कचा ११ लेव्हल करा. दोन, सीपीयूने इंटरप्ट स्वीकारला की तुम्ही आयआरआरमधला बिट सरसकट पुसता. एज लाइनसाठी ते बरोबर. लेव्हल लाइनसाठी आयआरआर हे लाइनचं प्रतिबिंब आहे. लाइन वर असेल तर बिट वरच राहिला पाहिजे. मग गेस्टने ईओआय, म्हणजे ‘झालं माझं’, कळवलं आणि लाइन अजून वर असली की इंटरप्ट आपोआप पुन्हा जातो. पुढे कधी आयओ-अॅपिक, म्हणजे ८२५९नंतरचा कंट्रोलर, लिहिलात तर हेच तिथे ‘रिमोट आयआरआर’ या बिटाच्या रूपात भेटेल: स्वीकारताना लागतो, ईओआय आला की सुटतो, आणि सुटल्याबरोबर लाइन पुन्हा बघायची असते. ते ‘पुन्हा बघणं’ विसरणं ही या क्षेत्रातली सगळ्यात जुनी चूक असावी.

तिसरा निर्णय व्हीसीपीयूचा, आणि तुमच्या डिस्कचं दुखणं मला इथे दिसतं. तुमचा डिस्क थ्रेड ‘केव्हीएम इंटरप्ट’ हा आयओसीटीएल, म्हणजे कर्नलला करायचा कॉल, स्वतःच मारतो. व्हीसीपीयूचे आयओसीटीएल त्याच व्हीसीपीयूच्या थ्रेडने मारायचे असतात. दुसऱ्याने मारला तर तो व्हीसीपीयू गेस्टमधून बाहेर येईपर्यंत लॉकवर अडकून राहतो. आणि आत शिरल्यावर आधीच एक इंटरप्ट, समजा टायमरचा, रांगेत असेल तर केव्हीएम ‘ईएक्झिस्ट’ ही एरर देऊन तुमचा परत करतो. तुम्ही परतीचा कोड तपासत नाही. म्हणजे डिस्कचा इंटरप्ट हवेत विरला, आणि त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही. प्रिंट घातलं की दोन थ्रेडची वेळ सरकते, टायमरशी टक्कर चुकते, आणि सगळं गुळगुळीत चालतं.

मी करतो ती व्यवस्था अशी. डिस्क थ्रेडने लॉक घ्यायचं, डिव्हाइसची स्थिती बदलायची, ‘लाइन ठरव’ बोलवायचं, आणि कंट्रोलर इंटरप्ट मागू लागला तर व्हीसीपीयू थ्रेडला ढोसायचं. बस. व्हेक्टर काढणं, इंटरप्ट देणं हे त्याचं काम नाही. व्हीसीपीयू थ्रेडने प्रत्येक वेळी गेस्टमध्ये शिरण्याआधी कंट्रोलरला विचारायचं, काही आहे का. असेल आणि केव्हीएमच्या सामायिक जागेतलं ‘रेडी फॉर इंटरप्ट इंजेक्शन’ चालू असेल, तरच कंट्रोलरकडून व्हेक्टर घ्यायचा आणि द्यायचा. चालू नसेल तर व्हेक्टरला हात न लावता ‘रिक्वेस्ट इंटरप्ट विंडो’ चालू करून आत जायचं. गेस्टने दार उघडलं की केव्हीएम तुम्हाला बाहेर आणतो. व्हेक्टर शेवटच्या क्षणी घ्यायचा याला कारण आहे. मधल्या वेळात वरच्या प्राधान्याचा इंटरप्ट येऊ शकतो, किंवा लाइन खालीही जाऊ शकते. तारीख पडल्याशिवाय निकाल लिहून ठेवू नये.

ढोसण्यातही एक खड्डा आहे. व्हीसीपीयू थ्रेडने ‘काही नाही’ असं बघितलं, तेवढ्यात तुम्ही सिग्नल पाठवला, सिग्नलचा हँडलर चालून संपला, आणि मग तो थ्रेड गेस्टमध्ये शिरला. आता बाहेर कोण काढणार? यावर दोन उपाय. सिग्नल एरवी अडवून ठेवायचा आणि गेस्टमध्ये असतानाच मोकळा करायचा. केव्हीएममध्ये त्यासाठी सिग्नल मास्कची सोय आहे. किंवा हँडलरमध्ये ‘इमिजिएट एक्झिट’ हा सामायिक जागेतला फ्लॅग लावायचा, म्हणजे शिरायला गेलेला थ्रेड उंबऱ्यावरूनच परत येतो. मी दुसरा वापरतो, स्वस्त पडतो. तोच खड्डा एचएलटीला, म्हणजे इंटरप्ट येईपर्यंत सीपीयू थांबवणाऱ्या सूचनेला. गेस्ट रिकामा झाला की एचएलटी करतो, कंट्रोलर तुमच्याकडे असल्यामुळे केव्हीएम ते तुमच्याकडे सोपवतो, आणि तुमचा थ्रेड झोपतो. झोपण्याआधीची तपासणी आणि झोप या दोन्ही त्याच लॉकखाली हव्यात ज्याखाली लाइन बदलते, नाहीतर जाग चुकते. इंटेलने याची काळजी सीपीयूच्या पातळीवर घेतलेली आहे: एसटीआयनंतर, म्हणजे इंटरप्ट चालू करणाऱ्या सूचनेनंतर, आणखी एक सूचना होईपर्यंत इंटरप्ट आत येत नाही, म्हणून एसटीआय आणि एचएलटी ही जोडी मधे फट न राहता चालते. ती फट तुमच्या सी कोडमध्ये उघडी राहिली, तर सीपीयूने घेतलेल्या काळजीचा उपयोग शून्य.

इथवरचं एका दमात: डिव्हाइस तार ठेवतं, वाटून घेतलेली तार म्हणजे सगळ्यांचा ऑर, लेव्हल लाइन ईओआयनंतर पुन्हा बघायची, आणि इंटरप्ट देणार फक्त व्हीसीपीयू थ्रेड.

व्हर्टआयओपुरती एक पुस्ती. आधी यूज्ड रिंगमध्ये, म्हणजे झालेल्या कामांच्या यादीत, नोंद, मग तिचा इंडेक्स, मग इंटरप्टचं स्टेटस, हा क्रम मेमरी बॅरियरसकट (मेमरीत लिहिण्याचा क्रम बदलू न देणाऱ्या सूचनेसकट) पाळा. उलटं झालं तर गेस्ट धावत येतो, रिंग रिकामी बघतो, परत जातो. आणि नोंद नंतर पडते. दार वाजवून मग पत्र लिहायला बसण्यातला प्रकार. तिथलं स्टेटस रजिस्टर वाचलं की पुसलं जातं आणि लाइनही खाली जाते, म्हणून वाचणं आणि पुसणं एकाच लॉकखाली. त्याचं नाव आयएसआर, आणि ८२५९मधल्या ‘सध्या सेवेत’ रजिस्टरचंही आयएसआरच. लॉगमध्ये दोघांना वेगळी नावं द्या, माझी एक रात्र त्या गोंधळात गेलीय.

या सगळ्यात परिस्थितीवर काय अवलंबून आहे? बरंच. केव्हीएमचा कर्नलमधला कंट्रोलर घेतलात तर व्हीसीपीयूची जवळजवळ सगळी डोकेदुखी तो उचलतो. तुम्ही फक्त लाइन वर-खाली कळवायची, तेही कुठल्याही थ्रेडमधून. कामाच्या ठिकाणी मी तेच सुचवेन. शिकण्यासाठी तुम्ही निवडलेला रस्ता चांगला आहे. पण इव्हेंट-एफडी (कर्नलला नुसती खूण करायची सोय) जोडून इंटरप्ट द्यायचा झाला तर ती मुळात एजची सोय आहे हे विसरू नका; लेव्हल लाइनसाठी त्यातली ‘रीसॅम्पल’ सोय लागते, जी ईओआय झाल्यावर तुम्हाला उलट निरोप देते. एमएसआय घेतलंत तर तार हा प्रकारच संपतो. तिथे डिव्हाइस ठरलेल्या पत्त्यावर एक आकडा लिहितं, म्हणजे खरोखरच निरोप पाठवतं, आणि वाटून घ्यायचंही काही राहत नाही. तिथे जपायचं एवढंच की एमएसआय-एक्समध्ये व्हेक्टर मास्क केलेला असताना आलेला निरोप पेंडिंग बिटात ठेवायचा आणि मास्क काढल्यावर द्यायचा.

‘स्थिती ठेवा, घटना नको’ हा माझा हट्ट जिथे उघडा पडतो ती जागा म्हणजे टायमर. पीआयटी या जुन्या टायमर चिपचा टिक सेकंदाला हजार वेळा येतोय आणि होस्टने तुमच्या व्हीसीपीयूला पन्नास मिलिसेकंद पाळीच दिली नाही, तर पन्नास टिकांचा आयआरआरमध्ये एकच बिट होतो. टिक मोजून वेळ सांगणारा जुना गेस्ट तेवढा मागे पडतो. काट्याच्या पावतीवर चुकीची वेळ पडणं म्हणजे दुसरं भांडण. अशा गेस्टसाठी हुकलेले टिक मोजून ठेवावे लागतात आणि आधीचा स्वीकारला गेला की पुढचा द्यावा लागतो. नव्या लिनक्सला केव्हीएमचं स्वतःचं घड्याळ दिलं की हा प्रश्न बहुतेक उरत नाही, उलट साठवलेले टिक त्याच्या अंगावर ओतले तर त्रासच. गेस्ट कोण आहे ते बघून ठरवा.

तपासताना प्रिंट वापरू नका, तो तुमचा आजार लपवतो. मेमरीत एक छोटी गोल रांग ठेवा, लाइनचा प्रत्येक बदल वेळेसकट तिच्यात टाका, आणि गोठल्यावरच बाहेर काढा. स्लीप घालून चालवणं वाईट, पण स्लीप घालून बिघडवणं फार उपयोगी: तपासणी आणि झोप यांच्या मधे, इंडेक्स आणि स्टेटस यांच्या मधे, मुद्दाम उशीर घाला. कोड बरोबर असेल तर तो हळू होईल, गोठणार नाही. सगळे थ्रेड एकाच कोअरवर बांधूनही एकदा चालवा. आणि गेस्टमध्ये ‘नोबडी केअर्ड’ असा मेसेज दिसला तर तो उलट्या चुकीचा पुरावा: लाइन वरच अडकलीय. लिनक्स एक लाख इंटरप्टांतले ९९,९०० हून जास्त बेवारस निघाले की ती लाइन बंद करून टाकतो.

एवढं करूनही डिस्क गोठली तर आधी बघा, ती हळू झालीय की कायमची गेलीय. काही क्षण थांबून पुढच्या टिकाबरोबर चालू होत असेल तर जाग चुकतेय, ढोसण्याचा आणि एचएलटीचा भाग बघा. कायमची गेली असेल तर नोंद चुकतेय. त्या क्षणी लाइन ११, आणि दुसऱ्या ८२५९चे आयआरआर, आयएमआर (कोणत्या लाइनी अडवल्यात ते सांगणारं रजिस्टर) आणि आयएसआर टिपून घ्या. लाइन वर आणि आयआरआर शून्य असेल तर एज-लेव्हलचा घोळ. आयआरआर वर पण आयएसआरमध्येही तोच बिट अडकलेला असेल तर ईओआय पोचत नाहीये. ११ नंबरला दोन्ही ८२५९ना ईओआय लागतो, ते तपासा. आयएमआरने अडवलं असेल तर गेस्टने मुद्दाम अडवलंय की तुमच्या लिहिण्याच्या पोर्टात चूक आहे ते बघा. आणि चारही शून्य असून यूज्ड रिंगचा इंडेक्स मात्र पुढे गेलेला असेल, तर डिस्क थ्रेडमधल्या क्रमाच्या त्या तीन ओळी मला पाठवा, बाकीचा कोड नको.